ओढण्याआधीचा अर्धा तास

खंडाळ्याच्या घाटात चढणीवर बस बंद पडली की चालक हातब्रेकची मूठ ओढतो आणि मागच्या चाकांजवळून हवेचा मोठा फुसकारा ऐकू येतो. प्रवासी तोवर मोबाइल काढून घरी कळवायला लागलेले असतात. घाट ओळखणाऱ्या चालकाचे लक्ष मात्र समोरच्या हवेच्या काट्यावर असते. काटा वर असेल तर गाडी अजून हलवता येईल. काटा खाली आला असेल तर पंधरा टनांची ती बस तिथेच रुतल्यासारखी उभी राहणार. मग तिला ओढायला येणारा माणूस पहिल्या अर्ध्या तासात काय करतो, यावर पुढचे सारे ठरते.

या अर्ध्या तासाबद्दल घाटाच्या पायथ्याशी दोन मते आहेत. एक मत एसटीच्या जुन्या मिस्त्रींचे. आगारातली ब्रेकडाऊन व्हॅन घेऊन रात्री-अपरात्री घाट चढणे, भर पावसात गाडीखाली शिरणे आणि जमेल तशी ती आगारात आणणे यात या लोकांची उभी हयात गेली. दुसरे मत तरुण क्रेनवाल्यांचे. ऑटोमोबाइलचा डिप्लोमा करून, कर्ज काढून जड वाहने ओढणारा ट्रक घ्यायचा आणि द्रुतगती मार्गालगत तळ ठोकायचा, असा त्यांचा धंदा. खोपोलीच्या बाजूला एखाद्या गॅरेजात हे दोघे समोरासमोर आले की चहा थंड होतो आणि वाद तापतो. त्या वादातच या कामाचे सगळे शास्त्र सापडते, म्हणून तो इथे मांडतो आहे. दोघांची नावे महत्त्वाची नाहीत. एकाला मिस्त्री म्हणू, दुसऱ्याला क्रेनवाला.

मिस्त्रींचा पहिला मुद्दा वेळेचा. "अरे, तू येणार, तुझे दिवे लावणार, पट्टे काढणार, मोजमापे घेणार. तोवर ती बस वळणावर उभी. मागून उसाचा ट्रक आला, कंटेनर आला, त्याला दिसलीच नाही तर? घाटात उभी गाडी हाच सगळ्यात मोठा धोका. आधी ती तिथून हलव. बाकीचं नंतर."

हे म्हणणे हलके घेण्यासारखे नाही. ५ जून २०१६ च्या पहाटे मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर पनवेलजवळ शेडुंग इथे दोन मोटारी कडेला थांबल्या होत्या. एकीचे टायर बदलायचे होते. भरधाव आलेली एक खासगी बस त्यांच्यावर आदळली आणि १७ माणसे गेली. तिथे घाट नव्हता, वळणही नव्हते. जलद रस्त्यावर थांबलेले वाहन आणि त्याच्या आसपास उभी असलेली माणसे हे मुळातच किती धोक्याचे, याचे याहून जवळचे उदाहरण महाराष्ट्राला नको.

क्रेनवाल्याला हे मान्य आहे. "काका, हलवायची नाही असं मी कधी म्हटलंय? कशी हलवायची, एवढंच माझं म्हणणं आहे. तुम्ही मागून येणारी दुसरी एसटी थांबवणार, साखळी नाहीतर वायररोप लावणार आणि ओढणार. मागची चाकं सुटलीत की नाही हे कोण बघतं?"

"मी बघतो," मिस्त्री म्हणतात.

"तुम्ही बघता. तुमच्यानंतर आलेली पोरं बघत नाहीत."

इथे क्षणभर थांबून ती चाके का आवळली जातात ते समजून घ्यायला हवे. मोठ्या बसचे ब्रेक हवेवर चालतात. चालकाने पायाने दाबायच्या ब्रेकला हवा लागते. पार्किंगचा ब्रेक मात्र उलटा असतो. मागच्या प्रत्येक चाकामागच्या चेंबरमध्ये एक जाड स्प्रिंग दाबून बसवलेली असते. हवा तिला रोखून धरते. हवा गेली की स्प्रिंग पसरते आणि ब्रेक लावते. ही योजना मोठी शहाणपणाची आहे, कारण पाइप फुटला तरी गाडी घरंगळत दरीत जात नाही. पण इंजिन बंद म्हणजे कॉम्प्रेसर बंद, नवी हवा येणे बंद. टाकीतली हवा झिरपत गेली की तासाभराने मोकळी असलेली चाकेही घट्ट होतात. आवळलेल्या चाकांची बस ओढणे म्हणजे काय, ते साध्या हिशेबाने कळते. वीस मीटरला एक मीटर चढणाऱ्या रस्त्यावर १५ टनांची बस मोकळ्या चाकांनी ओढायला सुमारे ९०० किलोची ओढ पुरते. मागच्या चाकांवर समजा ९ टन भार आहे आणि ती फिरत नाहीत. कोरड्या डांबरावर ती नुसती फरफटवायलाच सहा टनांच्या आसपास ओढ लागेल, चढणीची वेगळी. नऊशे किलोच्या हिशेबाने आणलेला दोर इथे तुटतो. ताणलेली वायररोप तुटली की तिचे टोक ज्या वेगाने परत येते त्यापुढे माणसाचा पाय टिकत नाही. दोर तुटला नाही तर टायर एका जागी घासून सपाट होतात किंवा पुढच्या बसचा हूक उपटून येतो.

"म्हणूनच मी आधी चेंबरच्या मागचा बोल्ट पिळून घेतो," मिस्त्री सांगतात. ही जुनी, पक्की रीत आहे. चेंबरच्या पाठीमागे एक लांब बोल्ट असतो. काही चेंबरमध्ये तो आतच असतो, काहींमध्ये बाजूच्या खाचेत ठेवलेला असतो. तो फिरवत गेले की स्प्रिंग पुन्हा दाबली जाते आणि हवा नसतानाही चाक सुटते. चांगला मिस्त्री हे अंधारात हाताच्या अंदाजाने करतो.

क्रेनवाल्याची हरकत या बोल्टला नाही, क्रमाला आहे. "बोल्ट पिळला म्हणजे पार्किंग ब्रेक संपला, काका. उतारावर गाडी कशाच्या भरवशावर उभी आहे? दोन दगडांच्या. मी आधी माझ्या ट्रकची हवा तिला देतो. पाइप जोडला, टाक्या भरल्या, काटा सात-आठ बारवर आला की स्प्रिंग आपोआप मागे जाते. ब्रेक सुटतो आणि हवा सोडली की परत लागतो. वर पायाचा ब्रेकही हाताशी राहतो. गळती एवढी मोठी असेल की हवा टिकतच नाही, तेव्हाच बोल्टाला हात."

या एका मुद्द्यावर प्रस्तुत लेखक निःसंशय तरुणाच्या बाजूचा आहे. बाहेरून हवा देणे हे बस ओढण्यातले सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षित काम आहे. त्याला लागतो तो एक पाइप आणि बसच्या टाकीपर्यंत हवा पोहोचवणारी योग्य जोडणी. अनेक बसगाड्यांना बाहेरून हवा भरायची जागा दिलेली असते. ती नेमकी कुठे आहे हे चालकाला माहीत नसते आणि मालकाने कधी विचारलेले नसते. बोल्ट पिळावाच लागला तर आधी ठोकळे लावायचे, ओढणारे वाहन जोडायचे आणि मगच चाक सोडायचे. काम झाल्यावर बोल्ट आठवणीने परत सैल करायचा. तो तसाच राहिला तर दुरुस्त होऊन निघालेल्या बसला पार्किंग ब्रेकच नसतो आणि हे पहिल्या उतारावर थांबेपर्यंत कुणाला कळत नाही. आणखी एक गोष्ट गॅरेजातल्या नव्या मुलांना बजावून सांगायला हवी: त्या चेंबरच्या कडेचा पट्टा कधीही खोलायचा नाही. आत दाबलेल्या स्प्रिंगेत टनाच्या आसपास जोर कोंडलेला असतो. झाकण सुटले तर ते समोरच्या माणसाला जिवंत सोडत नाही.

वादाचा दुसरा विषय गिअरबॉक्सचा. इथे गंमत अशी की सुरुवातीला क्रेनवाला बरोबर असतो आणि शेवटी मिस्त्री जिंकतात.

"न्यूट्रलमध्ये टाकून लोणावळ्यापर्यंत आणल्यात आम्ही गाड्या. काही झालं नाही," मिस्त्री म्हणतात.

"लगेच दिसत नाही, म्हणून झालं नाही असं वाटतं. चाकं फिरली की प्रॉपेलर शाफ्ट फिरतो. तो फिरला की गिअरबॉक्सची मागची बाजू फिरते. पण इंजिन बंद असल्यानं पुढची बाजू थांबलेली. तेल उडवणारे दाते, तेल पुरवणारा पंप, सगळं पुढच्या बाजूला. म्हणजे आतले बेअरिंग कोरडे फिरतात. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असेल तर विचारूच नका. कंपन्या स्पष्ट सांगतात की शाफ्ट सोडवा, एक्सल काढा, नाहीतर मागची चाकं जमिनीवरून उचला. लाखांचा गिअरबॉक्स जळतो आणि मालक म्हणतो, टोचनवाल्यानं जाळला."

मिस्त्री मान हलवतात. नव्या वातानुकूलित गाड्यांच्या बाबतीत त्यांना हे पटलेलेच असते. मग ते विचारतात, "शाफ्ट सोडवायला तू कुठे जातोस?"

"गाडीखाली."

"मागे इंजिन असलेली गाडी. शाफ्ट वीतभर. हवेच्या फुग्यांवर उभी असलेली बॉडी. हवा आधीच गळतेय. तू खाली शिरलास आणि फुगा बसला तर बॉडी कुठे येईल?"

या प्रश्नाला उत्तर नाही. एअर सस्पेन्शनच्या बसची बॉडी हवा गेली की खाली बसते आणि बॉडी व जमीन यांच्यातली जागा एकदम कमी होते. तिथे माणूस असेल तर तो दाबला जातो. म्हणून अशा गाडीखाली जाण्याआधी बॉडीला भक्कम ठोकळे लावलेच पाहिजेत, आणि ते चासीखाली. जॅक विश्वासाचा नाही. मिस्त्रींचा मार्ग याहून सरळ. ते गाडीच्या बाजूला उभे राहून मागच्या चाकाच्या मध्यावरचे नट काढतात आणि एक्सल शाफ्ट बाहेर ओढून घेतात. जड गाड्यांच्या मागच्या एक्सलची रचना अशी असते की बसचा भार हाऊसिंग आणि हबवर राहतो. शाफ्ट फक्त फिरवण्याचे काम करतो. तो काढला तरी चाक जागेवर राहते आणि मोकळे फिरते. दोन्ही बाजूंचे शाफ्ट काढायचे, उघड्या तोंडावर झाकण किंवा प्लास्टिक घट्ट बांधायचे, म्हणजे तेल सांडत नाही आणि आत माती जात नाही. सराव असेल तर हे काम लवकर उरकते. मुख्य म्हणजे कुणाला गाडीखाली जावे लागत नाही.

क्रेनवाला हे मनापासून मान्य करतो. डिप्लोमाच्या पुस्तकात हाऊसिंगचे चित्र होते. भर पावसात, उतारावर, बाजूने गाड्या जात असताना कोणता नट आधी काढायचा हे त्यात नव्हते. एसटीच्या आगारांमध्ये असे ज्ञान माणसांच्या हातात साठलेले आहे आणि ती माणसे एकेक करून निवृत्त होत आहेत. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली तेव्हापासून बंद पडलेली गाडी घरी आणण्याची कला या संस्थेने स्वतः घडवली. ती लिहून ठेवण्याचे काम तातडीने व्हायला हवे.

तिसऱ्या मुद्द्यावर खरी खडाजंगी होते. बस नुसती ओढायची की पुढून उचलून न्यायची?

रस्त्यावर अपघात झाला की आपल्याकडे बहुतेक वेळा हायड्रा येते. बांधकामावर लोखंड उचलणारी, थोड्या जागेत वळणारी ही क्रेन उलटलेल्या मोटारी बाजूला करायला उपयोगी पडते. पण तिच्या बूमला साखळीने बसचे तोंड टांगून किलोमीटरभर नेणे हा जिवाशी खेळ आहे. बस झुलते, क्रेन झुलते आणि चालकाला बसच्या पलीकडचा रस्ता दिसत नाही. बस ओढण्यासाठीच बनवलेल्या ट्रकला मागे, खाली, एक सरकता दांडा असतो. त्याला अंडरलिफ्ट म्हणतात. तो बसच्या पोटाखाली जातो, पुढच्या एक्सलला पकडतो आणि थोडा वर उचलतो. बंपरला, बॉडीला किंवा रेडिएटरच्या जाळीला तो टेकत नाही. पकड एक्सलची आणि तिच्यावर सुरक्षेची साखळी. वाहन उचलून ओढण्याची ही विद्या अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या चॅटनूगा गावी सुरू झाली असे मानतात. १९१६ मध्ये तिथल्या अर्नेस्ट होम्स या गॅरेजवाल्याने ओढ्यात पडलेली मोटार दोर, खांब आणि माणसांच्या बळावर तासन् तास खपून बाहेर काढली आणि मग गाडीवर बसवलेली उचल-यंत्रणा तयार केली. आज त्या गावात या धंद्याचे संग्रहालय आहे.

"उचलायचीच कशाला?" मिस्त्री विचारतात. "रॉड लाव. पक्का लोखंडी रॉड, दोन्हीकडे पिन. मागच्या गाडीत माझा चालक स्टिअरिंगवर. तुझ्यासारखा मोठा ट्रक नको, दांडा नको."

दोरापेक्षा रॉड शंभर पटीने बरा, यात शंका नाही. दोर फक्त ओढू शकतो. पुढचे वाहन थांबले तर मागची बस त्याच्यावर जाऊन आदळते. रॉड ओढतो आणि रोखतोही. कर्जतहून लोणावळ्याकडे चढणाऱ्या आगगाडीला मागून जादा इंजिने लावतात. ती नुसती ढकलत नाहीत, गाडी मागे घसरू नये म्हणून धरूनही ठेवतात. रस्त्यावरच्या टोचनलाही ही दोन्ही कामे जमली पाहिजेत. रस्त्याच्या १९८९ च्या नियमांत ओढण्याचा वेग ताशी २४ किलोमीटरपर्यंत आणि दोन वाहनांतले अंतर पाच मीटरपर्यंत मर्यादित केले होते. ओढल्या जाणाऱ्या गाडीत परवानाधारक चालक हवा किंवा तिची वळणारी चाके जमिनीवरून पक्की उचललेली हवीत, असेही त्यात होते. २०१७ मध्ये त्या नियमांची जागा नव्या नियमांनी घेतली. तरी त्या जुन्या अटींमागचा विचार आजही तितकाच खरा आहे.

"पण तो चालक काय करतो, काका? इंजिन बंद म्हणजे पॉवर स्टिअरिंग बंद. एका माणसाला ते चाक फिरवताना दम लागतो. वळणावर त्याला वेळेवर फिरवता आलं नाही तर रॉड तिरका होतो आणि त्याची पिन वाकते."

"आणि तू उचललीस की तुझ्या ट्रकचं तोंड वर होतं, त्याचं काय?"

हा प्रतिप्रश्न नेमका आहे. बसचा पुढचा एक्सल तिच्या तोंडापासून बराच मागे असतो, कारण दार त्याच्या पुढे असते. बारा मीटरच्या बसमध्ये हे अंतर अडीच मीटरपर्यंत जाते. मालट्रक उचलताना अंडरलिफ्ट थोडीच बाहेर काढावी लागते. बसला ती अडीच मीटर आत घालावी लागते, तीही जमिनीलगत. जितका दांडा लांब तितका तरफेचा परिणाम मोठा. समजा ओढणाऱ्या ट्रकच्या पुढच्या-मागच्या चाकांत पाच मीटर अंतर आहे आणि उचलण्याची जागा त्याच्या मागच्या चाकांपासून चार मीटर मागे गेली. बसचे तोंड पाच टन भरले तर ट्रकच्या पुढच्या चाकांवरचा चार टन भार कमी होतो आणि मागच्या चाकांवर नऊ टन वाढतो. पुढे मुळात सहा टन असतील तर उरले दोन. अशा ट्रकचे स्टिअरिंग फिरते पण ट्रक वळत नाही. ब्रेक मारला तर पुढची चाके घसरतात. जाणते लोक पुढचा निम्मा तरी भार शिल्लक राहिलाच पाहिजे असे मानतात. तोच भार उचलायला चाकांत साडेसहा मीटर अंतर आणि पुढे साडेसात टन असलेला लांब ट्रक आणला तर तीनच टन कमी होतात आणि साडेचार टनांच्या आसपास उरतात. तो ट्रक घाट चढतो आणि उतरतोही. म्हणजे बस ओढण्यासाठी ताकदीपेक्षा लांबी आणि वजन मोलाचे. जाहिरातीतला उचल क्षमतेचा आकडा दांडा आत घेतलेला असतानाचा असतो. तो पूर्ण बाहेर काढला की ती क्षमता झपाट्याने घटते.

उचलण्याची उंचीही मोजावी लागते. त्याच बारा मीटरच्या बसचा हिशेब पुढे नेऊ: चाकांत सहा मीटर आणि मागच्या चाकांच्या पलीकडे साडेतीन मीटर शेपूट. आपल्या नियमांनुसार हे शेपूट चाकांतल्या अंतराच्या ६० टक्क्यांपर्यंत असू शकते. पुढचा एक्सल ३० सेंटिमीटर उचलला की शेपटाचे टोक साडेसतरा सेंटिमीटर खाली येते. मागे इंजिन असेल तर तिथेच त्याचे तेलाचे भांडे आणि पाइप असतात. गतिरोधक आला, उताराचा बाक बदलला की ते जमिनीला घासतात. म्हणून जेवढे लागेल तेवढेच उचलायचे, वीतभर पुष्कळ झाले. एअर सस्पेन्शनला हवा देऊन बॉडी मूळ उंचीवर ठेवायची. या कामात घाई करणाऱ्याच्या मागे रस्त्यावर तेलाची रेघ उमटते आणि ती मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या जिवावर येते.

खाली उतरणे चढण्यापेक्षा अवघड, यावर मात्र दोघांचे एकमत असते. पंधरा टनांची बस मागून रेटत असते आणि ट्रकच्या ब्रेकने दोघांना थोपवायचे असते. सतत ब्रेक दाबत राहिले तर लाइनर तापतात आणि ब्रेक धरेनासे होतात. खालचा गिअर, इंजिनाचा किंवा एक्झॉस्टचा ब्रेक आणि शक्य असेल तर बसच्या ब्रेकलाही ट्रकमधून हवा देऊन तिची चाके स्वतःच रोखायला लावणे, हाच मार्ग. हवेचा पाइप जोडण्याचा आग्रह क्रेनवाला का धरतो ते इथे पुन्हा कळते. तो नुसती चाके सोडवत नाही, बसला तिचे ब्रेक परत देतो.

विजेच्या बसगाड्यांचा विषय निघाला की मिस्त्री ऐकून घेतात. १ जून २०२२ पासून पुणे-अहमदनगर मार्गावर एसटीची ई-शिवाई धावू लागली. मुंबई, पुण्याच्या शहर सेवांमध्येही अशा बस रुळल्या आहेत. विजेच्या मोटारीत कायम चुंबक असेल तर चाके फिरली की ती जनित्र बनते. बंद पडलेली बस चाकांवर ओढली तर तिच्या तारांमध्ये नको तेव्हा वीज तयार होऊ शकते. म्हणून मागची चाके उचलायची किंवा शाफ्ट वेगळा करायचा, हे इथे आणखी कडक. नारिंगी वेष्टणाच्या केबलला हात लावायचा नाही, साखळी तिच्यावरून जाऊ द्यायची नाही. बसचा उच्च दाबाचा वीजप्रवाह कंपनीने सांगितलेल्या जागीच तोडायचा. अपघातात बॅटरीला मार बसला असेल तर ती बस आगारात इतर गाड्यांच्या रांगेत लावायची नाही. बॅटरी काही तासांनी, कधी त्याहूनही उशिरा, पेट घेऊ शकते. मिस्त्री हे सगळे ऐकतात आणि एकच विचारतात, "हे आमच्या पोरांना कोण शिकवणार?" प्रश्न अगदी रास्त आहे. बस विकत घेताना करारात जशी देखभाल असते तसे ओढण्याचे प्रशिक्षणही असायला हवे.

उलटलेल्या बसचा प्रकार वेगळा. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ एक खासगी बस उलटली, पेटली आणि २५ प्रवासी होरपळून गेले. अशा वेळी ओढणाऱ्याचे काम सगळ्यात शेवटी येते. आधी माणसे, मग आग, मग बॅटरीचा खटका आणि सांडलेले डिझेल, आणि त्यानंतर क्रेन. बस सरळ करताना तिला टोइंगच्या कडीला धरून उभी करता येत नाही. ती कडी सरळ रेषेत ओढण्यासाठी असते. तिरक्या झटक्याने ती सुटते. रुंद पट्टे, दोन बाजूंनी दोन वाहने आणि एकाच माणसाच्या इशाऱ्यावर चालणारे काम, एवढे असेल तरच सुरुवात करावी.

या वादात कोणाची बाजू घ्यायची? मिस्त्री वेळेबद्दल बरोबर आहेत. वळणावर बसला तासभर उभी ठेवून शास्त्र सांगणे हेही बेजबाबदारपणाचे. क्रेनवाला तयारीबद्दल बरोबर आहे. दोघांचे म्हणणे एकत्र केले तर काम दोन टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात प्रवासी उतरवून कठड्यापलीकडे न्यायचे, मागे लांबवर इशारा लावायचा, बाहेरून हवा द्यायची, रॉड जोडायचा आणि माणसाच्या चालीने बस जवळच्या रुंद जागेपर्यंत न्यायची. काही शे मीटरसाठी एक्सल काढत बसू नये. विजेच्या बसला मात्र ही सूट नाही, तिथे कंपनीची सूचनाच पाळायची. दुसऱ्या टप्प्यात, सुरक्षित जागी, एक्सल काढायचे, दार बांधायचे, बसच्या पाठीवर दिवे लावायचे, मग योग्य लांबीच्या ट्रकने उचलून आगारात न्यायची. हवेचे दार हवा गेली की आपोआप उघडू शकते. ते बांधायला विसरणे ही आजही सर्रास होणारी चूक आहे. हे दोन टप्पे प्रत्येक घाटाच्या आगारात आणि टोलनाक्यावरच्या क्रेनच्या कॅबिनमध्ये मराठीत छापून लावायला पैसे लागत नाहीत. हवेचा पाइप, दोन-तीन मापांच्या जोडण्या, एक पक्का रॉड आणि चार ठोकळे प्रत्येक ब्रेकडाऊन व्हॅनमध्ये ठेवायला थोडे लागतात, ते खर्च करावेत. बसमालकांनी चालकाच्या आसनाजवळ एक चिठ्ठी चिकटवावी: ओढण्याची कडी कुठे, हवा भरायची जागा कुठे, बॅटरीचा खटका कुठे.

आणि प्रवाशांनी एक गोष्ट स्वतःच ठरवावी. बस बंद पडली की रस्त्याच्या कडेला, तिच्या मागे किंवा पुढे उभे राहू नका. कठड्यापलीकडे जा. एसटी असेल तर वाहक मागच्या गाडीत बसवून देतो, थोडी वाट पाहावी लागली तरी पाहा. टोचन लागलेल्या बसमध्ये मात्र चढू नका. रात्र असो, पाऊस असो, "दोन किलोमीटरच जायचंय" असे कुणी म्हणो, मुले आणि म्हातारी माणसे घेऊन खाली उतरा.